२५ खाटांच्या रुग्णालयातील बायोमेडिकल कचऱ्याचे नियोजन

रात्रपाळीची सिस्टर एक इंजेक्शन देते. ते देऊन झाले की तिच्यासमोर पाच वस्तू उरतात: सुई, सिरिंज, फोडलेले काचेचे ॲम्प्युल, रक्ताचा ठिपका लागलेला कापूस आणि सिरिंजचे फाडलेले वेष्टन. सुई पांढऱ्या डब्यात, सिरिंज लाल पिशवीत, ॲम्प्युल निळ्या खोक्यात, कापूस पिवळ्या पिशवीत आणि वेष्टन साध्या सुक्या कचऱ्यात जायला हवे. त्यासाठी तिला दोन पावलांपेक्षा जास्त चालावे लागू नये. लागले, तर पाचही वस्तू एकाच ट्रेमध्ये पडतात आणि पहाटे तो ट्रे रिकामा करणाऱ्या मावशीच्या बोटात सुई जाते. रुग्णालयातल्या कचऱ्याच्या नियोजनाची सुरुवात त्या ट्रेपासून करायची. साठवण खोली, गाडी, कागदपत्रे हे सगळे त्यानंतर.

इथे डोळ्यांसमोर तालुक्याच्या गावातले २५ खाटांचे रुग्णालय ठेवले आहे: लेबर रूम, ऑपरेशन थिएटर (ओटी), स्त्री आणि पुरुष असे दोन वॉर्ड, ओपीडीची ड्रेसिंग-इंजेक्शन खोली आणि छोटी लॅब. देशभर लागू असलेले जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ सालचे आहेत. २०१८ मध्ये त्यांत महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. ते एका खोलीच्या दवाखान्याला, पॅथॉलॉजी लॅबला, आयुष रुग्णालयाला, जनावरांच्या दवाखान्याला आणि रक्तदान शिबिरालाही लागू आहेत. महाराष्ट्रात परवानगी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ देते, गोव्यात गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ.

आधी सात दिवस वजन करा

'दर खाटेमागे इतके ग्रॅम' असे ठोकताळे सगळीकडे ऐकायला मिळतात. त्यांवर डबे विकत घेऊ नका. दिवसाला तीन बाळंतपणे होणारे रुग्णालय आणि फक्त तापाचे रुग्ण ठेवणारे रुग्णालय यांच्या खाटा सारख्या असल्या तरी कचरा सारखा नसतो. एक साधा तराजू घ्या. सलग सात दिवस, रविवार धरून, प्रत्येक विभागातून निघणाऱ्या प्रत्येक रंगाच्या पिशवीचे वजन आणि वेळ लिहा. साधा कचराही वेगळा मोजा.

हा शेवटचा आकडा सगळ्यात जास्त सांगून जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार आरोग्यसेवेतला सुमारे ८५ टक्के कचरा घरच्यासारखाच साधा असतो आणि १५ टक्के धोकादायक. तुमच्याकडे पिवळी पिशवीच सगळ्यात जड भरत असेल, तर तिच्यात केळीच्या साली, चहाचे कप आणि औषधांची खोकी जात आहेत असे समजा. एक किलो रक्ताळलेला कापूस नऊ किलो साध्या कचऱ्यात मिसळला की दहाच्या दहा किलो संसर्गित धरावा लागतो. नंतर तो निवडायला बसता येत नाही आणि कोणाला बसवूही नये.

कोणत्या रंगात काय

पिवळ्या पिशवीत जाळण्याचा कचरा जातो: शरीराचे काढलेले भाग, बाळंतपणातली वार (प्लासेंटा), रक्त लागलेला कापूस, गॉज, पट्ट्या, काढलेले प्लास्टर, वापरलेले मास्क आणि गाऊन, रक्ताने भिजलेल्या चादरी-गाद्या. मुदत संपलेली औषधेही याच रंगात, पण वेगळ्या पिशवीत. कर्करोगाची औषधे दिली जात असतील तर त्यांच्या बाटल्या आणि उरलेले औषध यांना 'सायटोटॉक्सिक' असे चिन्ह असलेली स्वतंत्र पिवळी पिशवी लागते, कारण ते १२०० अंश सेल्सिअसच्या वर जाळावे लागते.

लाल पिशवीत निर्जंतुक करून रिसायकलिंगला जाणारे प्लास्टिक आणि रबर: सलाईनचे सेट आणि बाटल्या, कॅथेटर, युरिन बॅग, सुई कापलेली सिरिंज, हातमोजे. युरिन बॅग आधी रिकामी करायची, नाहीतर पिशवी फाटून जिना ओला होतो.

पांढरा डबा टोचणाऱ्या आणि कापणाऱ्या वस्तूंचा: सुया, ब्लेड, स्काल्पेल. हा डबा भोक न पडणारा, न गळणारा आणि एकदा बंद केला की न उघडणारा हवा. इन्सुलिनच्या सिरिंजला सुई चिकटलेलीच असते. ती कापण्याच्या भानगडीत न पडता अख्खी इथेच टाका.

निळे खोके काचेसाठी: ॲम्प्युल, व्हायल, फुटलेली काच. धातूचे इम्प्लांटही यातच. सुरुवातीच्या नियमांत निळ्या खुणेचे पुठ्ठ्याचे खोके चालत होते. औषधाने पुठ्ठा भिजतो आणि बूड सुटते, म्हणून आता भोक न पडणारा, न गळणारा डबा घ्या. काच पिशवीत कधीच नको.

सलाईनची बाटली किंवा सेट चुकून पिवळ्यात गेला तर काय बिघडते? बरेच बिघडते. पिवळी पिशवी भट्टीत जाते. पीव्हीसीसारख्या प्लास्टिकमध्ये क्लोरीन असते आणि ते जळताना डायॉक्सिन, फ्युरान हे अतिविषारी पदार्थ तयार होऊ शकतात. म्हणूनच पिशव्याही क्लोरीनविरहित प्लास्टिकच्या घ्यायच्या असतात. रक्ताच्या पिशव्या सोडून क्लोरीनयुक्त पिशव्या आणि हातमोजे २७ मार्च २०१९ पर्यंत बंद करायची मुदत होती. त्याच कारणाने पिवळ्या पिशवीवर हायपो (सोडियम हायपोक्लोराइट हे क्लोरीनयुक्त जंतुनाशक) ओतू नका. 'जंतू मरतील' या चांगल्या हेतूने हे केले जाते, पण जाळण्याआधीची रासायनिक प्रक्रिया फक्त लॅबच्या आणि अतिसंसर्गजन्य कचऱ्यापुरतीच मान्य आहे.

वारेबद्दल थोडे जास्त. कित्येक घरांत वार पुरायची रीत आहे आणि नातेवाईक ती मागतात. नियमांत ती मानवी ऊती म्हणून पिवळ्या पिशवीत येते. या मागणीला उत्तर देण्याची वेळ मध्यरात्री लेबर रूममधल्या मावशीवर आणू नका. उत्तर योजनेत लिहा, भरतीच्या वेळी नातेवाईकांना समजावून सांगा आणि सगळ्यांना सारखेच लागू करा. वारेत आईचे रक्त असते. कावीळ ब किंवा एचआयव्हीचा संसर्ग असेल तर साध्या कॅरीबॅगमधून ती घरी नेणाऱ्यालाच धोका आहे, हे सांगितले की बहुतेकांना पटते.

डबे कुठे ठेवायचे

रुग्णाच्या खाटेशेजारी पिवळा किंवा लाल डबा ठेवू नका. तिथे नातेवाईक बसतात आणि जवळचा डबा हाच त्यांचा डबा. खाटेजवळ साध्या कचऱ्याचा डबा, नर्सिंग स्टेशनला चारही रंगांचा संच आणि ड्रेसिंग-इंजेक्शनच्या ट्रॉलीला खाली लटकवलेला छोटा संच. सुई कापणारे हब कटर ट्रॉलीवरच, उजव्या हाताला. सुईचे टोपण दोन्ही हातांनी परत लावायचे नाही. कटर जवळ असेल तर ती गरजच पडत नाही.

आपल्या उदाहरणात सहा जागा आहेत: लेबर रूम, ओटी, दोन वॉर्ड, ओपीडीची खोली, लॅब. प्रत्येक ठिकाणी पायाने उघडणारा पिवळा आणि लाल डबा, एक पांढरा, एक निळा. पिशवी तीन चतुर्थांश भरली की बांधायची आणि न भरली तरी २४ तासांत एकदा बदलायची. म्हणजे ६ जागा × २ रंग, अशा रोज किमान १२ पिशव्या. लेबर रूम आणि ओटीत प्रत्येक केसनंतर पिशवी बदलते, म्हणून रोज २० धरा. महिन्याला ६००, त्यावर चौथा हिस्सा राखीव: ७५० पिशव्या. लेबर रूमला मोठी पिशवी, ट्रॉलीला छोटी; एकाच मापाच्या सगळ्या घेतल्या तर छोट्या डब्यात मोठी पिशवी घड्या होऊन बसते आणि आत हात घालून सरळ करावी लागते. प्रत्येक पिशवीवर जैवधोक्याचे न पुसणारे चिन्ह आणि बारकोड हवा.

पांढऱ्या डब्यांचा हिशेब वेगळा. जागा सहा, तर डबे बारा: एक वापरात, एक तिथेच कपाटात तयार. पांढरा डबा ओतून पुन्हा वापरायचा नसतो, आणि नवा डबा स्टोअरमधून सकाळी मिळणार असेल तर रात्री भरलेल्या डब्यातच सुया कोंबल्या जातात. सुईच्या अपघातांचे हे एक ठरलेले कारण आहे. डब्यावर तीन चतुर्थांशची रेघ मार्करने ठळक ओढा.

भिंतीवरचे पोस्टर डब्याच्या बरोबर वर, डोळ्यांच्या उंचीवर लावा. त्यावर तुमच्याच रुग्णालयात वापरल्या जाणाऱ्या वस्तूंची चित्रे हवीत. हातमोज्याचे चित्र लाल डब्यावर दिसले की 'हातमोजे पिवळ्यात की लाल?' हा रोजचा प्रश्न संपतो.

हायपो आणि लॅब

लॅबचा कचरा, रक्ताचे नमुने आणि रक्ताच्या पिशव्या रुग्णालयातच निर्जंतुक करून मग द्यायच्या असतात. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र) असेल तर १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाबावर ६० मिनिटे. शस्त्रक्रियेची उपकरणे ज्यात तापवता, तो ऑटोक्लेव्ह यासाठी वापरू नका. प्रत्येक बॅचला रंग बदलणारी पट्टी लावा आणि ती रजिस्टरला चिकटवून ठेवा. पिशवी गच्च बांधून आत ठेवली तर वाफ मध्यापर्यंत पोचत नाही. तोंड सैल ठेवा.

रासायनिक निर्जंतुकीकरणासाठी १ ते २ टक्के सोडियम हायपोक्लोराइट, किमान २० मिनिटे. मूळ नियमातले १० टक्के २०१८ च्या दुरुस्तीत बदलले, तरी जुना आकडा अजून काही भिंतींवर दिसतो. कॅनवर लिहिलेली तीव्रता वाचूनच पातळ करा. कॅन ५ टक्क्यांचा असेल तर १ लिटर हायपोत ४ लिटर पाणी घातले की १ टक्क्याचे द्रावण होते. १० टक्क्यांचा असेल तर १ लिटरला ९ लिटर पाणी. द्रावण रोज ताजे, प्लास्टिकच्या झाकणाच्या बादलीत. उन्हात ठेवलेला किंवा महिनोन्महिने उघडा कॅन जवळजवळ पाणीच असतो. टॉयलेट साफ करायच्या ॲसिडजवळ हायपो ठेवू नका; दोन्ही मिसळले तर क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो.

जमिनीवर रक्त सांडले तर हातमोजे घालून आधी काच चिमट्याने उचला, रक्तावर जुने कापड किंवा टिश्यू टाका, त्यावर १ टक्का हायपो ओता, २० मिनिटे थांबा, मग पुसा. कापड पिवळ्या पिशवीत. पारा सांडला तर झाडू लावू नका, त्याने त्याचे बारीक गोळे होऊन पसरतात. दोन जाड कार्डांनी गोळा करून झाकणाच्या बाटलीत पाण्याखाली ठेवा.

फॉर्मालिन, लॅबमधली रसायने सिंकमध्ये ओतायची नाहीत. द्रव कचऱ्याला वेगळी वाहिनी आणि प्रक्रिया लागते; जुन्या इमारतीत हे काम खर्चिक असते, म्हणून पहिल्याच वर्षाच्या अंदाजपत्रकात धरा.

साठवण आणि गाडी

पिवळ्या कचऱ्यातले शरीराचे भाग आणि रक्ताळलेले सामान ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. काही कारणाने ठेवावेच लागले, तर कारणासह मंडळाला कळवावे लागते. ही वरची मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटना उष्ण प्रदेशात थंडीच्या दिवसांत ४८ आणि उन्हाळ्यात २४ तास सांगते. एप्रिल-मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात बंद खोलीतली वार २४ तासांत काय होते ते तिथे काम करणाऱ्यांना सांगायला नको.

आता सामाईक प्रक्रिया केंद्राच्या, म्हणजे अनेक रुग्णालयांचा कचरा नेऊन त्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्राच्या, गाडीचे वेळापत्रक यावर ताडून पाहा. गाडी सोमवारी आणि गुरुवारी येत असेल तर गुरुवार ते सोमवार ९६ तास होतात, म्हणजे करारावर सही करतानाच नियम मोडला. दिवसाआड गाडी असेल तर शनिवारी सकाळी दहाला गाडी गेल्यावर निघालेली पिशवी सोमवारी दहाला बरोबर ४८ तासांवर येते. सोमवारी गाडी दोन तास उशिरा आली की मर्यादा ओलांडली. रोजची गाडी मागा. सामाईक प्रक्रिया केंद्राबरोबरच्या करारात वेळ, गणपती-दिवाळीतले दिवस, गाडी बंद पडली तर पर्यायी व्यवस्था आणि प्रत्येक फेरीची वजनाची पावती हे लिहून घ्या. ७५ किलोमीटरच्या आत असे केंद्र असेल तर स्वतःची भट्टी किंवा प्रक्रिया यंत्रणा उभारता येत नाही. केंद्र खरोखरच आवाक्यात नसलेल्या दुर्गम गावांत मंडळाच्या परवानगीने खोल पुरण्याचा मार्ग आहे: सुमारे २ मीटर खोल खड्डा, निम्मा भरला की पृष्ठभागाखाली ५० सेंटीमीटरपर्यंत चुना आणि वर माती.

साठवण खोली स्वयंपाकघर, पाण्याची टाकी आणि नातेवाईकांच्या वाटेपासून लांब हवी. छप्पर, कुलूप, धुता येणारी फरशी, नळ, उताराची मोरी, बारीक जाळी, एक्झॉस्ट फॅन आणि दारावर जैवधोक्याचे चिन्ह. आत चार रंगांसाठी चार वेगळे कप्पे. दोन दिवसांचा कचरा आणि गाडीचा एक खाडा मावेल एवढी जागा धरा. चावीच्या दोन प्रती हव्यात, एक रात्रपाळीच्या सिस्टरकडे. चावी दिवसपाळीच्या माणसाच्या खिशात घरी गेली की रात्रभर पिशव्या जिन्याखाली पडतात, तिथे कुत्री येतात.

वॉर्डातून खोलीपर्यंत कचरा झाकणाच्या ट्रॉलीतून, भेटीच्या आणि जेवणाच्या वेळा टाळून न्या. पिशवी मानेला धरून उचलायची. खालून हात लावायचा नाही, पायाने दाबायची नाही, अंगाला टेकवायची नाही. लिफ्ट एकच असेल तर कचऱ्याच्या वेळा ठरवून लिहा आणि त्यानंतर ती पुसा.

हे हाताळणारी माणसे

लस नसलेल्या माणसाला संसर्गित सुई टोचली तर कावीळ ब होण्याचा धोका ३० टक्क्यांपर्यंत जातो. कावीळ क चा सुमारे १.८ टक्के, एचआयव्हीचा सुमारे ०.३ टक्के. यांतला सगळ्यात मोठा धोका लशीने टळतो. तरीही डॉक्टर-सिस्टरना लस मिळते आणि कंत्राटदारामार्फत आलेल्या मावशी-मामांची राहून जाते. सगळ्यात जास्त पिशव्या त्यांच्याच हातून जातात. नियमात कावीळ ब आणि धनुर्वाताची लस कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकासाठी आहे, नेमणूक कोणाची हे त्यात पाहिलेले नाही. कावीळ ब चे तीन डोस: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. कामावर रुजू होताच पहिला डोस द्या आणि पुढच्या दोन तारखा त्याच दिवशी रजिस्टरमध्ये लिहा. आरोग्य तपासणी आणि प्रशिक्षण रुजू होताना, आणि पुढे वर्षातून निदान एकदा.

जाड रबरी हातमोजे, प्लास्टिकचा ॲप्रन, मास्क, चष्मा आणि बंद बूट हा त्यांचा पोशाख. पातळ तपासणीचे हातमोजे सुई अडवत नाहीत. मोज्यांची मापे विचारून घ्या. मोठ्या मापाचा मोजा बोटांवर ढिला बसतो आणि दुसऱ्या दिवशी खुंटीवर राहतो.

सुई टोचलीच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची. पिळायची नाही, तोंडात घालायची नाही, हायपो किंवा स्पिरिट लावायचे नाही. लगेच वरिष्ठांना सांगायचे. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्य तर दोन तासांत सुरू व्हावे, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग धरता येत नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा. जवळचे कोणते सरकारी रुग्णालय हे औषध रात्रीही देते, हे आज फोन करून विचारा. नाव, नंबर आणि जायचा रस्ता प्रत्येक ड्रेसिंग रूमच्या भिंतीवर लावा. आणि टोचल्याचे सांगणाऱ्याला कोणी रागावणार नाही, हे प्रमुख डॉक्टरांनी स्वतः सगळ्यांसमोर बोलून दाखवा. रागावणी झाली की पुढची सुई लपवली जाते.

नोंदी

३० किंवा जास्त खाटा असतील तर कचरा व्यवस्थापन समिती लागते आणि तिची सहा महिन्यांतून एकदा तरी बैठक. २५ खाटांना एक पात्र जबाबदार व्यक्ती नेमली की चालते. तिचे नाव लेखी द्या, आणि तिच्या सुट्टीतल्या बदलीचेही. परवानगीचा अर्ज नमुना २ मध्ये. वर्षाचा अहवाल नमुना ४ मध्ये, ३० जूनपर्यंत. मोठा अपघात झाला तर लगेच कळवून २४ तासांत लेखी अहवाल. नोंदी पाच वर्षे जपायच्या.

रोजच्या रजिस्टरमध्ये तारीख, विभाग, रंग, पिशव्यांची संख्या, वजन, देणाऱ्याची सही आणि गाडीच्या पावतीचा नंबर एवढे रकाने पुरतात. त्यांचा खरा उपयोग महिनाअखेरीला होतो. एक रिकामी सलाईन बाटली आणि सेट तराजूवर ठेवून वजन घ्या, स्टोअरमधून महिन्यात गेलेल्या संख्येने गुणा आणि लाल पिशव्यांच्या एकूण वजनाशी ताडून पाहा. लालमध्ये हातमोजे, सिरिंजही असतात, म्हणजे लालचे वजन या गुणाकारापेक्षा जास्तच भरले पाहिजे. कमी भरले, तर बाटल्या मागच्या दाराने भंगारात जात आहेत किंवा पिवळ्यात पडत आहेत. बाटल्या आणि नळ्या टाकतानाच कापायची सवय लावली की भंगारवाल्याला त्यांत रस उरत नाही.

आठवड्यातून एकदा न सांगता फेरी मारा, शक्यतो पहाटे पाचला. पिशव्या उघडू नका, वरून बघा. लालमध्ये कापूस दिसतो का, पांढऱ्या डब्याची रेघ ओलांडली आहे का, निळे खोके खालून ओले आहे का, कपाटात राखीव डबा आहे का. एकाच जागी तीच चूक तीन आठवडे दिसली, तर तिथल्या सिस्टरला समज देण्याआधी ती वस्तू तिच्या हातातून सुटते तिथे उभे राहा आणि योग्य डबा किती पावलांवर आहे ते मोजा.